अर्जातली दोन वर्षे

१२ एप्रिल १९६४, सातारा
पुन्हा अर्जाचा मसुदा. विट्याजवळच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक हवा आहे. जाहिरातीत अट : मॅट्रिकपासून आजपर्यंतचा तपशील वर्षवार द्यावा. बी.ए.पर्यंत सरळ जातो. मग जून ६१. पेन थांबते. जून ६१ ते मे ६३, मिरज, क्षयाचा वॉर्ड. बरा झाल्याचा दाखला आहे. तो दाखवायचा तर आजार दाखवावा लागतो. मग वर्गात कोण उभे करील?

१४ एप्रिल
आई म्हणाली, "दत्तूकडं मद्रासला व्हतो म्हून लिही की रं. कोन बघाय जातंय?"
दत्तू मामेभाऊ. त्याचे तिकडे गलाईचे, सोने गाळायचे दुकान. पत्र लिहिले. लाज वाटली. तरी टाकले.

२३ एप्रिल
दत्तूचे प्रशस्तिपत्र आले. 'दोन वर्षे माझ्या दुकानात गलाईचे काम केले. वर्तणूक उत्तम.' सोबत चिठोरे : "गड्या, इकडं धंद्यात समदी आपल्याच भागातली. मला गुतवू नगंस."

२४ एप्रिल
अर्ज टाकला. चौथी प्रत, एकही खाडाखोड नाही. मग पेटीच्या फटीत बोटे घालून पाहिली. पोचत नाहीत.

१० मे
मुलाखतीचे बोलावणे. आईने देवापुढे ठेवले. मला जेवण गेले नाही.

१६ मे, विटा
हेडमास्तरांनी कवितेवर विचारले. नीट बोललो. संस्थेचे अध्यक्ष माझा अर्ज चाळत होते. म्हातारे, फेटेवाले. त्यांची नखे पाहिली, पिवळी, करपलेली.
"गलाईत व्हता? दोन वर्सं?"
"हो."
"हात दावा."
टेबलावर पसरले.
"ॲसिडाचा एक डाग न्हाई! आमची बायकू आमास्नी पोळपाटाला शिवू देत न्हवती. तुमी लय जपून केलंत म्हनायचं."
सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. निघताना दारापर्यंत आले, हळू म्हणाले, "सकाळी घरी या. एकलंच. दत्तूला मी वळकतो."

१७ मे, विटा
धर्मशाळेत पहाटे उठून अर्ज नव्याने लिहिला. जून ६१ ते मे ६३ : मिरज, क्षय, आता बरा. एवढी एकच ओळ बदलली. बाकीचा अर्ज आता कोणी वाचणार नाही असे वाटते.
दोन्ही खिशात आहेत, तो दाखला आणि हा अर्ज. दत्तूच्या खोट्या प्रशस्तिपत्राचे काय सांगायचे, हे ठरत नाही.

अध्यक्षांच्या ओसरीवर बसून हे लिहितो. ते पूजेला बसलेत. सुनेने चहा ठेवला, घरातल्याच कपात. मिरजेला माझा पेला वेगळा असे. त्यावर लाल रंगाची खूण.
"घ्या की, निवतोय," ती आतून म्हणाली.
साय धरली. अजून ओठ लावलेला नाही. पूजेची घंटा थांबली. घशात खवखव सुरू झाली आहे, आणि अध्यक्षांची पावले ओसरीकडे येत आहेत.