हाडापेरानं मजबूत

३ मार्च
साप्ताहिकात जोडीदारासाठी जाहिरात दिली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकट्यानं डब्यातलं सूप किती दिवस प्यायचं? मजकूर: 'विधुर, ५४, बिग-बोन्ड, डिस्टिंग्विश्ड.' हाडापेरानं मजबूत आणि रुबाबदार. शब्द माझे नाहीत. पहिला शिंप्याचा, दुसरा न्हाव्याचा. कसबी माणसं खोटं कशाला बोलतील?

थोरली बहीण एनिड म्हणाली, "ऑसी, पोटात कुठलं रे हाड असतं?"

तिला पारखच नाही.

५ मार्च
संकल्प: गोड बंद.

संध्याकाळी: कस्टर्ड पातळ असतं. धरायचं नाही.

११ मार्च
एक पत्र! डॉरिन, विधवा, विणकाम शिकवते. स्वतःला 'बबली' म्हणवते. मी काय दूधखुळा आहे? बबली म्हणजे जाडी, इंग्लंडात शेंबडं पोरही जाणतं. लोक सरळ का लिहीत नाहीत?

अक्षर मात्र सुरेख. तीनदा वाचलं.

शनिवारी चारला, चर्चजवळच्या टीरूममध्ये. खूण: दोघांच्याही कोटाला डॅफोडिलचं फूल.

१४ मार्च, दुपारी ३:४०
बेत पक्का. फूल खिशात. आधी लांबून बघायचं. जाडी निघाली तर चहा पिऊन घरी.

संध्याकाळी ६
जाडीच निघाली. खिडकीशी बसली होती, वेट्रेसशी हसत होती. हसणं इतकं मोकळं की माझंही तोंड हसायला लागलं. पण बेत म्हणजे बेत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. दोन स्कोन-पाव खाल्ले. दाराची घंटा वाजली की ती मान वर करायची. अर्ध्या तासानं ती कोट चढवू लागली आणि मला राहवेना. उठलो.

खुर्चीही उठली. तिच्या दोन हातांत मी पक्का अडकलो होतो.

आमच्या इंग्रजी रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. डॉरिन तेवढी धावली. श्वास सोडा म्हणाली आणि खुर्ची ओढून काढली. तेवढ्यात खिशातलं फूल पडलं.

तिनं ते उचलून टेबलावर ठेवलं. हळूच म्हणाली, "बिग-बोन्ड वाचलं तेव्हाच समजले होते हो मी. म्हणून तुमच्यासाठी बिनहातांची खुर्ची मांडून घेतली होती."

मग बसची वेळ झाली म्हणून गेली.

१५ मार्च
रात्रभर लाज वाटत राहिली. सकाळी तिला माफीचं पत्र लिहिलं. स्वतःचं वर्णन नव्यानं केलं: जाडा, टकला.

एनिडनं वाचलं आणि तिसरा शब्द सुचवला: गाढव.

तोही घातला.