तनयाचा जन्म इंदूरचा

भिवंडी, रविवार

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुला फोनवर स्पष्ट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आम्ही सगळे बरे आहोत. तनयाला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत छान मार्क मिळाले. फक्त राज्याच्या जागांसाठी लागणारा रहिवासी दाखला अडलाय.

तहसील कचेरीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मुलीचा जन्म इंदूरचा. म्हणजे तुम्ही बाहेरचे."

मी म्हटलं, "अहो, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुमच्या बायकोचं कुठे झालं?"

"कल्याणला, तिच्या आईकडे," तो म्हणाला. मागची रांग हसली, तो नाही.

आई, दोन महिन्यांची तनया मांडीवर घेऊन मी परत आले. बालवाडीपासून बारावीपर्यंत ती इथेच शिकली. इंदुरात शेजारी आपल्याला 'मराठी लोग' म्हणायचे. इथे मराठीत भांडूनही मी बाहेरचीच! नुसता संताप होतो गं.

उद्या शाळेचे सगळे दाखले घेऊन पुन्हा जाणार आहे. काम झाल्याशिवाय तिथून हलणार नाही.

तू मात्र "मीच हट्टानं बाळंतपणाला बोलावलं" म्हणून रडत बसू नकोस. गुडघ्यांना तेल लावतेस ना? पुन्हा पहिलटकरीण झाले, तरी त्या खिडकीला न विचारता तुझ्याच दारात येईन.

तुझी लेक,
वैजू