दाजींचं जॅकेट

रविवार, संध्याकाळ

दाजी भिजले. लई बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

दिवाळीत ताईच्या सासरी भर पंगतीत म्हणाले होते, "मेव्हणीच्या हातात मोटरबोट म्हणजे तिरकीच चालणार!" तिरकी कुणामुळं? स्वतः डावीकडं रेलून बसतात. जावयाला सरका कोण म्हणणार? मग मीच बटण दाबून मागची डावी पट्टी, ट्रिम टॅब, पाण्यात खाली करते, तेव्हा ती बाजू वर येते.

आज नाथसागरावर वेगात होतो. बगळे दिसले आणि दाजी फोटोसाठी उजवीकडं धावले. माणूस उठला की आधी वेग कमी करायचा, पट्टी वर घ्यायची. हात बटणाशीच होता. नाय दाबलं. मोटरबोट उजवीकडं कलली, नारिंगी लाइफ जॅकेटातले दाजी कठड्याला लोंबकळले, कमरेपर्यंत पाण्यात.

"अगं, काय करतेस!" ताई किंचाळली. तेव्हा कुठं वेग उतरवला, पट्टी उचलली, त्यांना आत ओढलं.

"बसल्या जागी बसायचं, दाजी," मी म्हणाले. पहिल्यांदाच.

पण ते जॅकेट डोक्यातून जात नाय. दाजी कधीच घालत नाहीत. आज निघताना मीच हट्टानं त्यांना घातलं, पट्टेही मीच आवळले.

म्हणजे माझं काठावरच ठरलं होतं.