हिरवा कागद, निळा कागद

आकबुलुन
१२ ऑक्टोबर

बुरुल एजे,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, नाझिकचा, सलाम. वि. वि. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

फोन सासूबाईंच्या, म्हणजे अपांच्या, उशाशी असतो, आणि त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही. म्हणून नारिनला येणाऱ्या जुमाबेकच्या गाडीतून पत्र पाठवते. चौथीत शाळा सुटलेल्या हाताचं आहे, हसू नकोस.

आपल्या जिबेकच्या दुसरीच्या वर्गात नवीन बाई आल्यात, आयनुरा मुगालिम. त्या गणितासाठी मुलांना वेगवेगळे कागद देतात, ते दप्तरातच राहतात. जावेच्या आयदाईला निळा, त्यावर बारा गणितं. जिबेकला हिरवा, त्यावर पाचच, आणि शेजारी मेंढ्यांची चित्रं. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, ज्याला जसं झेपेल तसं. मला काही कळलं नाही, पण मान हलवून आले.

मेंढी कापली की मानाप्रमाणे कोणाला कुठलं हाड वाढायचं एवढं मला कळतं, एजे. ते चुकलं तर माणूस जेवणावरून उठून जातो. मग माझ्या पोरीला कमी वाढलं तर मी काय समजू? लहानपणी आपल्या शाळेतल्या सबिराला अशीच वेगळी वही दिली होती. मग शहरातून गाडी आली आणि तिला मंद मुलांच्या शाळेत घेऊन गेली. तिची आई गाडीमागे ओढ्यापर्यंत धावली होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून मी एक केलं. सोमवारी सकाळी आयदाईच्या दप्तरातला निळा कागद काढून जिबेकच्या दप्तरात घातला, तिचा हिरवा आयदाईला. वाटलं, बाईंना दिसेल की हिलाही येतं. जिबेक तो निळा कागद धरून तासभर बसली आणि बाकावरच तिचा फ्रॉक ओला झाला. आयदाईने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून पोर शाळेत जात नाही. कागद कोणी बदलला ते अजून कोणालाच माहीत नाही.

आता बाई शनिवारी घरी येणार आहेत. गाडीचंच सांगायला येत असतील का? लवकर लिही. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी नाझिक

नारिन
१५ ऑक्टोबर

बाळ नाझिक,
माझा गोड पापा. वि. वि. लहानपणी माझ्या दप्तरातली भाकरी चोरायचीस, आता गणितं चोरायला लागलीस. जुमाबेक गाडी चालू ठेवून बाहेर उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी इथल्या शाळेत फरशी पुसते. शिकवणं मला काय कळणार? पण इथेही काही बाई असे कागद देतात आणि गाडीबिडी येताना मी पाहिलेली नाही. इथे असतील चांगले लोक, तुमच्याकडे कसे आहेत देव जाणे. खात्रीने सांगता येत नाही.

सबिराचं मात्र सांगते. ती इथे बाजारात लोकरीच्या नमद्याच्या टोप्या शिवते. काल तिच्याकडे गेले होते. ती म्हणाली, मी मंद नव्हते, मला ऐकूच येत नव्हतं. आपल्या बाई चाळीस पोरांना एकाच आवाजात, फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, तिच्याकडे तोंड करून, सावकाश. तिने हातातल्या टोपीचा टाका पुरा केला. मग एवढंच म्हणाली, मला कोणी मेंढ्यांची चित्रं दिली नाहीत.

बाईंना खरं सांग. आणि चहा पातळ करू नकोस.

तुझी एजे

आकबुलुन
२० ऑक्टोबर

एजे,
सलाम. वि. वि. बाई येऊन गेल्या. मला अजून सगळं कळलेलं नाही.

अपांनी मेंढी कापायला लावली. कमरेचं हाड अपांचं, त्या सगळ्यांत मोठ्या. पण त्यांना दात नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचं मांस जिबेक नेहमी वेगळं, अगदी बारीक चिरून देते. शनिवारीही चिरत बसली होती. चिरता चिरता बाईंना म्हणाली, आमच्या अपांचापण हिरवा कागद आहे. मी घाईने बाईंपुढे चहा ठेवला. अपांनी हिरवा कागद म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, हिरवा तर हिरवा, पण हाड माझंच. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

तेव्हा मी सांगून टाकलं की कागद मी बदलला. जाऊ उठून बाहेर गेली, अजून माझ्याशी बोलत नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कागद दर आठवड्याला बदलतात, आणि वाचनाला जिबेकचा निळा असतो, आयदाईचा हिरवा. हे मला पोरीने कधी सांगितलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी विचारलं, मग गाडी कधी येणार? बाईंना कळेना कुठली गाडी.

मग मोठी आणि लहान कोण, ते कसं ठरतं गं त्या वर्गात? मला अजून विचित्रच वाटतं.

आज जिबेक शाळेत गेली. ओढ्यापर्यंत तिने माझा हात धरला, मग सोडवून घेतला. मी दुपारपर्यंत दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. गाडी आली, एजे. जुमाबेकची. म्हणून हे पत्र इथेच संपवते.

सबिराला माझा सलाम सांग. तिच्याकडे तोंड करून सांग.

माया आहे तशीच असू दे.

तुझी नाझिक