दहा दिवसांची सही

२९ ऑक्टोबर २००७, जानेफळ

पासपोर्ट आला! फोटोत मी अशी दिसते की पोलिसांनी आताच धरून आणली. यांना दाखवला. पाहून परत दिला. हसले नाहीत. "ठेव नीट," एवढंच.

मेहकरच्या बेबीताई, रिटायर मास्तरीण, तेरा जणांना घेऊन श्रीलंकेला निघाल्या आहेत. तिथल्या एका विहारात कठिन चीवरदान आहे. पावसाळ्याचा वर्षावास संपला की भिक्षुसंघाला चीवर, म्हणजे भिक्षूंचं वस्त्र, दान द्यायचं, ते कठिन. आपल्याकडेही होतं, पण तयार चीवर देतात. तिथं म्हणे कापसापासून अंगावरच्या चीवरापर्यंत सगळं एका दिवसात करतात. कातायचं, विणायचं, शिवायचं, रंगवायचं — एकाच दिवसात!

बाकीचे पुण्य घ्यायला चालले. मी माझं पोरगं आणायला चालले. बेबीताईंना सांगितलेलं नाही. वहीला सांगते.

३१ ऑक्टोबर

एकदा लिहूनच टाकते, छातीवरचं उतरेल.

चार वर्षांखालची गोष्ट. मे महिना. श्रामणेर शिबिर होतं. आपल्याकडे सगळेच पाठवतात पोरांना. दहा दिवस डोकं भादरायचं, चीवर घालायचं, शील पाळायचं. अकराव्या दिवशी चीवर उतरवून, पँट घालून पोरगं घरी. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. हे वावरात होते. मी केली, मी कामाला जाते त्या अंगणवाडीच्या पेनानं.

धम्मदीप अठराचा होता तेव्हा. त्याच्या आदल्याच हंगामात पाकिटातलं नवं बियाणं आलं होतं. सगळ्या गावानं लावलं, आम्हीही लावलं. झाडं माणसाएवढी झाली आणि बोंडं धरलीच नाहीत. धम्मदीपच्या वर्गातलं एक पोरगं फवारणीचं औषध प्यालं. त्या दिवसापासून धम्मदीप बांधावर नुसता बसून राहायचा. मी आमच्या औषधाचा डबा धान्याच्या कोठीत कुलूप लावून ठेवायची. किल्ली पोलक्यात. म्हटलं, जाऊ दे दहा दिवस, वावर डोळ्यांआड तरी होईल!

अकराव्या दिवशी सगळी पोरं परत आली. माझं आलं नाही. चीवर उतरवलंच नाही त्यानं. पुढच्या वर्षी लंकेला गेला, शिकायला.

दोन वर्षांखाली त्याचं पत्र आलं होतं. वय वीसच्या वर गेलं, आता उपसंपदा घ्यायची आहे, म्हणजे पुरा भिक्षू व्हायचं. त्याला आईची आणि वडिलांची, दोघांची वेगवेगळी लेखी परवानगी लागते. यांनी पत्र वाचलं, घडी करून बंडीच्या खिशात घातलं आणि वावरात गेले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. मीही काढला नाही.

खरं सांगू? बरंच वाटलं मला. बाप परवानगी देत नाही तोवर पोरगं अर्धं तरी माझं आहे.

४ नोव्हेंबर

निघाले. सकाळी अंगणात यांनी एक बोचकं पुढं केलं. माझ्याच जुन्या लुगड्यात बांधलेला कापूस. यंदाचा पहिला वेचा. किडकी कवडी नाही, पाला नाही, एक एक बोंड पाहून वेचलेलं. मी कधी वेचायला गेले तर हे मलाच पाला राहिला म्हणून बोलतात, पण हा तर दुधासारखा होता.

"त्याच्या इहारात लागते म्हणे कापूस. आपल्या वावरातला ने."

म्हटलं, तुम्हीच चाला ना. तर म्हणाले, "दुसरा वेचा कोन करन?" आणि बैलांकडे गेले. एवढा रागीट माणूस, बोचक्याला गाठ मात्र अशी सैल मारली होती की कापूस दबू नये.

६ नोव्हेंबर, गाडीत

नागपूरहून चेन्नईच्या गाडीत बसलो. बेबीताई बुद्धवंदना म्हणून झोपतात आणि लगेच घोरायला लागतात. बोचकं मांडीवर. लोकांना वाटतं लेकरू आहे.

८ नोव्हेंबर, कोलंबो

आज विमानतळावर जे झालं ते गावात सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही.

तपासणीच्या माणसानं बोचकं सोडलं. कापूस पाहिला, मुठीत दाबला, आणि मान हलवली. बेबीताईंचं इंग्रजी चाललं. निघालं असं की कापूस चालेल, पण सरकी चालणार नाही. परक्या देशाचं बी आत नेता येत नाही, त्यासोबत कीड येते, रोग येतो.

आता आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! चौदाही जण कापूसवाल्यांच्या घरचे. आमच्याकडे कापूस म्हणजे सरकीसकटच. तोच वेचतो, तोच गाडीत भरतो, तोच विकतो. सरकी निघते ती जिनिंगमध्ये, ते आपलं कामच नाही. यांनी एवढा पाला निवडला, पण सरकी काढायचं त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही.

तो बोचकं टेबलाखाली टाकायला लागला. मी हात धरला त्याचा! बेबीताई ओरडल्या, कलाबाई, सोडा! मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. मी म्हटलं, "कठिन. चीवर. दान."

तो थांबला. पुन्हा म्हणायला लावलं त्यानं. मग बेबीताईंना काहीतरी विचारलं, त्यांनी विहाराचं नाव सांगितलं. त्याच्या गावापासून जवळच निघालं ते. त्यानं एक कोपरा दाखवला, एक रिकामी पिशवी दिली. सरकी काढा, पिशवीत भरा, मला द्या, आणि रुई घेऊन जा.

मग काय! आम्ही चौदा जण त्या चकचकीत फरशीवर मांडी घालून बसलो आणि बोटांनी सरकी काढत सुटलो. या कापसाची रुई सरकीला अशी चिकटून असते की नखं दुखून आली. दीड तास लागला. येणारे-जाणारे गोरे लोक फोटो काढत होते. बेबीताई रागानं लाल, पण सगळ्यात जास्त ढीग त्यांचाच.

पिशवी दिली तेव्हा त्या माणसानं दोन्ही हात जोडले. म्हटलं, ठेव बाबा सांभाळून. या बियाण्यानं आमच्याकडे काय काय केलं ते तुला कुठल्या भाषेत सांगू?

९ नोव्हेंबर, विहारात

पाह्यलं त्याला!

उंच झाला आहे. वाळलेला नाही, मला वाटलं होतं वाळला असेल. डोकं भादरलेलं, कानामागचा तीळ तसाच. मी धावलेच. बेबीताईंनी पदर ओढला मागून. तिथं बाईनं भिक्षूला शिवायचं नाही. आईनंसुद्धा नाही. पाया पोरानं पडायचं नाही, आईनं पडायचं! पडले. फरशीला डोकं टेकवलं आणि उठायलाच होईना.

"सुखी व्हा," म्हणाला. पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतो आता.

घरून धपाटे आणले होते, शेंगदाण्याची चटणी. पण एक वाजून गेला होता. बारानंतर ते जेवत नाहीत. मला माहीत होतं हे, आपल्याकडचे भंतेजीही नाही जेवत. पण तिकडं लढाई चालू आहे, रस्त्यात दर मैलाला बंदूकवाले गाडी थांबवत होते, त्यात उशीर झाला. डबा तसाच घेऊन बसले. तो म्हणाला, "उद्या सकाळी." मी म्हटलं, उद्या शिळे होतील. तो हसला. लहानपणी शिळ्याच भाकरीसाठी भांडायचा.

१० नोव्हेंबर

सकाळी भोजनदानाला रांगेत उभी राहिले. त्याच्या पात्रात गावच्या बायांनी नारळाच्या दुधातलं काय काय घातलं होतं. वर माझं धपाट. कालवून सगळं एकत्र खाल्लं त्यानं, मान खाली घालून. पण चटणी बोटानं पुसून घेतली. मी मोजून पाहत होते की काय, असं बेबीताई म्हणाल्या. हो, पाहत होते!

११ नोव्हेंबर

कठिन झालं. दमले, पण लिहिते.

पहाटेपासून पांढऱ्या साड्यांतल्या बाया चरखे घेऊन बसल्या. आमची रुई त्यांच्या रुईत मिसळली. मिसळायच्या आधी एका म्हातारीनं आमच्या रुईचा पुंजका हातात घेतला, गालाला लावून पाहिला आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. यांना हे सांगायचं आहे! दुपारपर्यंत मागावरून कापड उतरलं. मग भिक्षू शिवायला बसले, धम्मदीपही. घरी शर्टाचं बटन मला लावायला सांगायचा! आता टाके असे की दिसत नाहीत.

चीवर तुकड्या-तुकड्यांचं असतं. मी विचारलं, अख्खं कापड काऊन नाही वापरत? तो म्हणाला, भगवंतांनी मगधातली शेतं दाखवून सांगितलं होतं, चीवर असं शिवा. हे वाफे, हे बांध. बोटानं दाखवलं. चार एकर घरचं वावर सोडून हे वावर शिवत बसला आहे पोरगा. आणि चेहरा किती निवांत! बांधावर बसायचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेली नाही.

संध्याकाळी रंगवून, वाळवून चीवर तयार. मला वाटलं आता त्याला देतील. बापानं वेचलेला कापूस, त्यानं शिवलेलं चीवर. दिलं दुसऱ्याच एका भिक्षूला! मी बेबीताईंवर चिडले. त्या म्हणाल्या, "कलाबाई, श्रामणेराले कठिन नाही भेटत. उपसंपदा झालेल्यालेच भेटते."

म्हणजे आम्ही अडवलं म्हणून. चार वर्षं झाली, त्याच्याबरोबरची पोरं पुढं गेली, हा सगळ्यात शेवटी बसतो. लहान लहान पोरांच्या रांगेत, त्यांच्याहून हातभर उंच.

१२ नोव्हेंबर

आज विहाराच्या प्रमुखांनी, थोरल्या महाथेरोंनी, बोलावलं. फार म्हातारे आहेत. धम्मदीप दुभाष्या. त्यांनी विचारलं, आईचं मन कसं आहे? वडिलांबद्दल एक शब्द नाही. नवल वाटलं मला.

बाहेर बोधिवृक्षाखाली आम्ही दोघंच होतो, म्हणजे बेबीताई होत्या थोड्या लांब, एकटीनं बसायचं नसतं. तेव्हा बोलले. घरी चाल म्हटलं. यंदा बोंडं बरी आहेत, बाबा थकले आहेत, तुझी खोली तशीच आहे. सगळं बोलून टाकलं. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

मग मीच रडायला लागले. म्हटलं, तुझे बाबा परवानगी देत नाहीत, मी काय करू? मला तरी कुठं बरं वाटतं तुला त्या रांगेत पाहून?

तो एकदम आपल्या बोलीत बोलला.

"बाबावर राग नको धरू, आई."

आई म्हणाला! तीन दिवस उपासिका, उपासिका चाललं होतं.

१३ नोव्हेंबर

निघालो. गाडी वळेपर्यंत फाटकात उभा होता. मनगटाला बांधायचा पांढरा दोरा दिला आहे त्यानं, बाबांसाठी.

१५ नोव्हेंबर, गाडीत

ठरलं माझं. यांच्याकडून लिहून घ्यायचं. भांडून घ्यायचं, नाहीतर जेवण बंद करायचं. पोरगं जिवंत आहे, दोन वेळा खातं, रात्री झोपतं. गावात किती आयांना हे म्हणता येतं? बापाच्या हट्टापायी त्याला मागं ठेवायचं नाही.

१७ नोव्हेंबर, जानेफळ

पोचले संध्याकाळी. हे दारातच होते. दोरा बांधला मी. मनगट पुढं करून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. काय खातो, कुठं झोपतो, कानामागचा तीळ आहे का, सगळं विचारलं. सरकीची गोष्ट सांगितली तर चार वर्षांत पहिल्यांदा हसू आलं त्यांना.

परवानगीचं उद्या. आज हसू दे.

१८ नोव्हेंबर

काढला विषय. चहा खाली ठेवून म्हटलं, आता लिहून द्या, बास झालं.

हे म्हणाले, "म्या तं दोन वर्साखालीच लेहून देलं. मेहकरच्या पोस्टातून."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"त्या फॉर्मावर सही केल्यावर तू वर्षभर रडत होती. पुन्हा सही कर म्हून म्या कसं म्हणू? त्यालेबी लेहलं होतं, आईले घाई करू नको."

मग हे वेचायला गेले.

अंगणवाडीचं पेन काढलं. पेन तेच नाही, पण तसंच. कागद घेतला. लिहिलं. आईची परवानगी. नाव, गाव, तारीख, सही. किती दिवसांसाठी, ते कुठंच लिहिलं नाही.