सारवलेल्या अंगणातला पांढरा गालिचा

मी, कमलाक्षी दत्ताराम गावस, वय एकाहत्तर, धंदा घरी गालिचे धुणे, राहणार गावसवाडा, तालुका डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने सांगते आहे. आमच्या वाड्यावरची वकील तनया ते लिहून घेते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे काही विचारत नाही, असे ती म्हणते. मला कोणी धमकावलेले नाही. मुलाने फोनवर आवाज चढवला, त्याला मी धमकी धरत नाही. तो लहानपणापासून असाच बोलतो.

पहिले, माझी माणसे. नवरा दत्ताराम, खाणीवर ट्रक चालवायचा, आता हयात नाही. थोरला मुलगा सर्वेश, पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेत गेला, तिथेच आहे. धाकटा सुदेश, बापाच्या आधी गेला. त्याची बायको क्षमा, दोडामार्गची, मूलबाळ नाही, माझ्याजवळ राहते. मला भात ती वाढते आणि माझ्या गुडघ्यांना तेल ती लावते.

दुसरे, घर. आमच्या गोव्याच्या कायद्याने मी लग्नापासून घराची अर्धी मालकीण. नवऱ्याचा अर्धा भाग सर्वेशकडे गेला. माझ्या अर्ध्यातलाही अर्धा त्याच्याच हक्काचा, तो आईलासुद्धा तोडता येत नाही. म्हणजे माझ्या मर्जीचे चार आण्यांचे घर उरले. नवरा सासऱ्याआधी गेला आणि पदरात मूल नाही, की कायद्याला सून परकी. तनयाने हे मला तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा मला तितकाच राग आला. तर हे चार आणे मी क्षमाला देते. मागचे अंगण, विहीर, गालिचे धुण्याचा चिरेबंदी ओटा आणि स्वयंपाकघर तिच्या वाट्याला यावे. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसते, हे मी लपवत नाही.

सर्वेशला हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, तिका घर कित्याक दितंस? तिच्या त्या सारवणान आमचो भाव खाल्लो." भाव म्हणजे भाऊ, माझा सुदेश. म्हणून तिसरे कलम लांबणार आहे. तनयाने कंटाळू नये.

तिसरे, पांढरा गालिचा. खाण बंद पडल्यावर आमचे घर गालिच्यांवर चालले. हे काम मी खाणीच्या साहेबाच्या बंगल्यावर शिकले होते. गालिचा बांबूवर उलटा टाकून आधी मागून झोडपायचा, नाहीतर धूळ भिजून चिखल होतो. लोकरीला गरम पाणी दाखवायचे नाही. रिठ्याच्या पाण्याने केसांच्या कलाने घासायचा, पिळायचा तर कधीच नाही, आणि ताडपत्रीवर पसरून सावलीत सुकवायचा. सुदेश टेम्पोने किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले गालिचे आणायचा आणि पोचवायचा. मोठे गिऱ्हाईक तेरेखोलच्या बाजूचे एक हॉटेल होते. त्यांचा पांढरा लोकरीचा गालिचा आमच्याकडे आला तेव्हा क्षमा या घरात नवीन होती.

त्या दिवशी तुळशीचे लग्न होते. नव्या सुनेने करायचे तेच क्षमाने केले. पहाटे उठून अंगण शेणाने सारवले, कडेने रांगोळी काढली. इतके सुंदर सारवलेले अंगण माझ्या हातून कधी झाले नव्हते. दुपारी सुदेशने ओला गालिचा उचलला, अंगणाकडे बघितले आणि ताडपत्री गुंडाळून बाजूला ठेवली. म्हणाला, "आज ताडपत्री कित्याक? आज खळा देवाचा आसा." खळा म्हणजे आमचे अंगण. मलाही ते पटले. आम्हा लोकांच्या मनात सारवलेल्या जमिनीइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही. तिथे आपण देव मांडतो, जेवायला बसतो. गालिचा त्याने त्या सारवणावर पालथा घातला.

संध्याकाळी उलटला तर पांढरी लोकर हिरवट पिवळी झाली होती. सारवण वरून सुकलेले होते, पण गालिच्याच्या ओलीने ते पुन्हा सुटले. रिठा झाला, लिंबू झाले, व्हिनेगर झाले. डाग फिका झाला, गेला नाही. हॉटेलवाल्यांना शेण म्हटल्यावर शिसारी आली. गालिचा त्यांनी आमच्याच दारात टाकला आणि पुन्हा बोलावले नाही. ही गोष्ट किनाऱ्यावर पसरली आणि बाकीचीही कामे सुटली. टेम्पो विकावा लागला. तेव्हा खनिजाची वाहतूक पुन्हा सुरू झाली होती. सुदेश बापासारखा ट्रकवर गेला. भर पावसात खाणीच्या उतारावर ट्रक कलंडला. त्यात तो गेला.

म्हणून मी पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते की, माझा मुलगा उतार खचल्यामुळे आणि अशा पावसात ट्रक खाली पाठवणाऱ्या मालकामुळे गेला. त्याच्या बायकोने सणाच्या दिवशी अंगण सारवले, एवढेच तिने केले. गालिचा तिथे त्याने घातला. माझ्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्याने माझ्या बाराव्याला या घरचे पाणी पिऊ नये.

हे कलम शेजारच्या गौरवीसाठी आहे. तो शब्द देवळात पहिल्यांदा तिने उच्चारला. साक्षीदार म्हणून तिला मी मुद्दाम बोलावले आणि तनयाला वरचे सगळे तिच्यासमोर मोठ्याने वाचायला लावले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "सय करतंय गे कमलाक्षी. पण माका दिसता ता दिसता." म्हणजे सही देणार, पण मत सोडणार नाही. तिच्याशी माझे बोलणे आता संपले.

चौथे, हत्यारे. काथ्याचे ब्रश, झोडपणी आणि ताडपत्री क्षमाला हवी तर तिने ठेवावी. बांबू माझ्या तिरडीला चालतील, विकत आणू नयेत. बँकेत जे निघेल त्यातून माझे दिवस करावेत.

पाचवे, तो गालिचा अजून घरात आहे. क्षमा दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी तो ओट्यावर काढते आणि बोटांची साले जाईपर्यंत घासते. याही वर्षी घासला. घासून घासून लोकर गेली, खालचे सूत दिसते, डाग सुतातही आहे. अंगणाला तिने त्यानंतर शेणाचा हात लावलेला नाही, तिथे गवत वाढले आहे. माझ्यानंतर तो गालिचा जाळावा. हे माझे मागणे आहे. ती ऐकणार नाही, हेही मी ओळखून आहे.

सहावे आणि शेवटचे. काल संध्याकाळी क्षमा भांडी घासत होती, तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, माका घर नको. ह्या खळ्याक माझो हात लागलो आणि तुमचो झील गेलो."

मुलाचा विषय निघाला तशी मी म्हटले, "अगो, गालिचो तेणाच घातलो."

"होय. पण सारवलंय तर मीच."

मग ती माझ्यासाठी पाणी तापवायला गेली.

तनयाने मला समजावून सांगितले की ज्याला दिले त्याने नाकारले, तर हे चार आणेही सर्वेशकडे जातील. तो घर विकेल, हे त्याने आधीच कळवले आहे. क्षमाला माहेरी भावाच्या दारात जावे लागेल आणि तो भाऊ तिला दिवाळीलासुद्धा बोलावत नाही. तनयाने विचारले, "काकी, दुसऱ्या कोणाचा नाव घालूया?" दुसरे कोणी नाही. तिचा दोष नाही हे मी जिवंत असताना रोज सांगून तिला पटले नाही, ते मेल्यावर कागदाने पटेल असे मला वाटत नाही. ती नाकारणार आहे. तरी तिचेच नाव राहू दे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही: कमलाक्षी दत्ताराम गावस

साक्षीदार: १) योगेश नाईक २) गौरवी परब
दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

लिहून घेणार: वकील तनया

डिचोली, गोवा
१८ नोव्हेंबर २०२५