माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, सोमवार
आजपासून शांत होणार. निर्णय माझा आहे, कुणाच्या दबावाखाली घेतलेला नाही. काल जेवताना लेकीने जाहीर केलं, की बाबा आधी कुणाकडे तरी जाऊन स्वतःच्या रागाचं बघणार असतील तरच ती माझ्याकडे गाडी शिकेल. नाहीतर दुसरीकडे. दुसरीकडे! बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय मी. अर्धं शहर माझ्या शिव्या खाऊन लायसन्स घेऊन गेलं. लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार. एप्रिलअखेर ती नोकरीसाठी परगावी जाणार, तिथे गाडीशिवाय भागणार नाही. शिकणं आणि लायसन्स याला दीड महिना धरला, म्हणजे मला पंधरा दिवसांत राग संपवायचाय. मी पटकन शिकतो.

५ मार्च, बुधवार, सकाळी ११
समुपदेशक बाईंकडे गेलो. लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. विचारलं, राग कधी येतो. म्हटलं, लोक चुकतात तेव्हा. लोक कधी चुकतात? सतत. यात विचारण्यासारखं काय आहे? मग म्हणाल्या, तुम्ही मघापासून उजव्या पायाने फरशी दाबताय. समजावलं, की शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शेजारच्याने घोळ घातला की आपण दाबायचा. सवय आहे. त्यावर बाईंनी विचारलं, मी काय घोळ घातला?
असल्या प्रश्नांची फी घेतात.

९ मार्च, रविवार
बाईंनी ध्यान सुचवलं. वर्ग जिमच्या वरच्या मजल्यावर. खालून वजनं आपटल्याचे आवाज. ध्यानाचे सर म्हणाले, आवाज येऊ द्या, जाऊ द्या. येऊ दिले. जाईनात. त्यात शेजारचे गृहस्थ नाकातून शिट्टी वाजवत श्वास घेत होते. बरंच सहन केलं. मग डोळे मिटूनच त्यांना सांगितलं, की नाक साफ करून येत जा. सरांनी मला पुढच्या वेळेपासून दाराजवळ, सगळ्यांपासून लांब बसायला सुचवलं. माझी प्रगती लक्षात आलेली दिसते. बायकोला सांगितलं तर हसली. हिला अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही.

१२ मार्च, बुधवार
आज मौन. बोललोच नाही तर राग निघणार कुठून? साधा हिशेब आहे, बाईंना कसा सुचला नाही कोण जाणे. दुर्दैवाने सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा धडा होता. एकेरी रस्त्यात उलट्या घुसल्या. मी बोललो नाही. समोरून टेम्पो आला. बोललो नाही. फक्त ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डवर हात आपटला. मग तोच हात स्वतःच्या कपाळावर. ब्रेकच्या धक्क्याने डॉक्टरीणबाईंचा चष्मा उडून पायाशी पडला, त्या रडायला लागल्या आणि गाडी तिथेच सोडून चालत निघून गेल्या. स्कूलच्या मालकांनी बोलावून घेतलं. मी कागदावर लिहून दाखवलं, आज मौन आहे. ते म्हणाले, यापेक्षा तुमच्या शिव्या बऱ्या.
लोकांना शांत माणूस बघवत नाही. बाकी दिवस बरा गेला.

२ एप्रिल, बुधवार
बाई म्हणाल्या, आधी स्वतःला आहात तसं स्वीकारायला लागा. महिनाभरातलं पहिलं कामाचं वाक्य. परतताना रस्त्यातच स्वीकारून टाकलं. मी तापट आहे, तोंडावर बोलतो आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर असतं. विषय संपला. घरी सांगितलं, की माझं झालंय, आता उरलेल्यांनी मला स्वीकारायचं. बायको म्हणाली, पंचवीस वर्षं आम्ही दुसरं काय करतोय. त्यावरून जरा आवाज चढला. ताट सरकवलं, पण आपटलं नाही. फरक आहे की नाही?
लेक उठून आत गेली. तिचे धडे लवकरच सुरू करू. आता माझ्या बाजूने काही अडचण नाही.

२० एप्रिल, रविवार
अडचण तिच्या बाजूने आहे. ती शिकून मोकळी झालीय! लायसन्स शुक्रवारीच मिळालं. पहिल्याच परीक्षेत. आणि शिकवलं कोणी, तर चौकापलीकडच्या स्कूलमधल्या त्या मिसरूड न फुटलेल्या मास्तराने, जो धडा चालू असताना गाणी लावतो. डॉक्टरीणबाईंची हकीकत कानावर आली त्याच दिवशी तिने तिकडे नाव घातलं. बायकोला माहीत. माझ्या मालकांनाही माहीत. मी एकटाच गाढव. किती ओरडलो ते लिहीत नाही, खालच्या मजल्यावरचे वर आले होते. ध्यान, मौन, स्वीकार, सगळं मुसळ केरात.
तरी ठरवलंय. येत्या रविवारी ती गाडी घेऊन निघेल तेव्हा मी बरोबर जाणार. त्या पोराने घाट शिकवलाय का तिला?

२७ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
सकाळी निघाली. सेकंडहँड गाडी घेतलीय. शेजारी आई. मी बॅगा डिकीत ठेवल्या, मागचं दार उघडलं, बसणार तेवढ्यात ती खाली उतरली. मला बाजूला घेतलं.
"बाबा, तुम्ही घाबरता म्हणून ओरडता, हे कळतं मला. पण मग मीही घाबरते, आणि खरंच चुकते. तुम्ही नाही आलात तर मी नीट चालवीन."
उत्तर तयार होतं. मागचं दार मीच बाहेरून लावलं. कोपऱ्यावर वळताना तिने इंडिकेटर वेळेवर दिला.
मग घरभर राग शोधत फिरलो. बायको आतला पंखा चालू ठेवून गेली होती. एरवी तेवढ्यावर माझी सकाळ निघाली असती. बंद केला. दुपारी मेसेज आला, पोहोचलो. मी 'हँडब्रेक लावलास का' असं टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, पाठवलं.
'लावला, बाबा.'
खुर्चीत बसून रडलो. बराच वेळ. बुधवारी हे बाईंना सांगणार नाही. आधीच सगळं माहीत असल्यासारखी मान हलवतील, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.